इंग्लंडमधल्या एसेक्समधलं जुनं घर आणि बार्नमधला स्टुडिओ: हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते: बार्न, म्हणजे शेतावरचं जुनं कोठार, काम करायला अफलातून, राहायला मात्र घरच बरं. भाड्याच्या जाहिरातीत दोन्ही मिळून ‘स्टुडिओ होम’ असं गोंडस नाव होतं. प्रत्यक्षात या दोन वास्तूंचे स्वभाव अगदी उलटे आहेत.

घर लाकडी सांगाड्याचं, बुटकं, बारक्या खिडक्यांचं. उजेड कमी, पण ऊब धरून ठेवतं. भिंतींना चुन्याचा गिलावा आहे. तो ओल शोषतो आणि परत सोडूनही देतो. पूर्वी कुणीतरी स्वयंपाकघराच्या एका भिंतीला सिमेंट थापलंय. पोपडे निघतात ते तेवढ्याच भिंतीचे, बाकी घर ठणठणीत.

बार्न मळणीचा. मधोमध समोरासमोर दोन अजस्र दारं. गाड्या आत यायच्या, खाली मळणी व्हायची आणि दोन्ही दारं उघडली की आरपार वाऱ्यावर उफणणी. आता दारांच्या जागी काच आहे. मी लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरलेली चित्रं, छापते. उत्तरेकडच्या काचेतून दिवसभर एकसारखा उजेड येतो, रंग ताडून बघायला याहून चांगला उजेड मला कुठे मिळालेला नाही. पण मुळात वारा खेळावा म्हणूनच बांधलेली ही जागा, ती थंडीला काय अडवणार! शेगडीची सगळी ऊब आढ्याला जाऊन बसते. जानेवारीत शाई इतकी घट्ट व्हायची की रोलरला चिकटूनच राहायची. जमिनीखालचं हीटिंग सकाळी लावलं तर दुपारी जाणवतं, म्हणून ते दिवसभर मंद चालू ठेवावं लागतं. गावात गॅसची लाइन नाही, सगळं तेलावर. टाकी भरायची वेळ आली की नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

छताला एक खिडकी हवी होती, ते राहिलंच. घर ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत आहे. आवारातला बार्न १ जुलै १९४८ च्या आधीपासूनचा, त्यामुळे यादीत त्याचं वेगळं नाव नसलं तरी घराचे नियम त्यालाही लागू. वास्तूचं रूप बदलेल असं काहीही, अगदी आतल्या भागातलंसुद्धा, परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. बार्नमधल्या वटवाघळांनाही कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना हुसकता येत नाही, म्हणून वाळत घातलेल्या छाप्यांवर मी रोज रात्री चादर टाकते. वायफायचं मात्र अजून जमलेलं नाही. छताच्या इन्सुलेशनला चंदेरी पत्रा आहे, त्यापायी मोबाइलही आत आला की मान टाकतो.

तरीही जीव जडलाय तो तुळयांवर. सांध्यांपाशी सुतारांनी कोरलेले रोमन आकडे अजून स्पष्ट दिसतात. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, खुणा करायच्या, मग सुटा करून उभारायचा, अशी ती पद्धत. एका खांबावर कंपासने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल आहे. अशी फुलं अरिष्ट टाळण्यासाठी काढत, असं मानतात. याहून जुनं काम बघायचं असेल तर एसेक्समधल्याच क्रेसिंग टेम्पलला जा. तिथले टेम्प्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांच्या जहागिरीतले दोन बार्न तेराव्या शतकातले आहेत आणि आजही दिमाखात उभे आहेत.

आम्ही करार वाढवतोय, पण भाडं कमी करून मागितलंय. तुम्ही असं काही बघायला जाणार असाल तर जूनमध्ये नको, जानेवारीत जा. आधीच्या हिवाळ्याची तेलाची बिलं मागा आणि भिंतीला सिमेंट कुठे कुठे लावलंय ते विचारा.