तडा दाखवला, जोड लपवला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात जुन्या जीप विकणारा एक दलाल आहे. तक्रार चालू असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र लिहितो. ती त्याची एकट्याचीच असेल असं मला वाटत नाही.

गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटवाली, कागदावर 1972 ची. 2.2 लिटरचं पेट्रोल हरिकेन इंजिन, फोर व्हीलचा लिव्हर जागेवर, पुढची काच खाली पाडता येणारी. मला ती नीट करून व्हिंटेज म्हणून नोंदवायची होती. सौदा 2,30,000 ला ठरला.

भाव बोलायच्या आधीच तो म्हणाला, "भाऊ, मी लपवून ठेवनारा मानूस नाही. फ्रेमले मांगून तडा हाये, तो पयले पाहून घ्या. मंग इंजनाचं बोलू." स्वतः पोतं अंथरलं, माझ्या हातात टॉर्च दिला. मागच्या कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे ती फ्रेमला जोडणाऱ्या कडीजवळ, बोटभर लांबीचा तडा होता. त्यासाठी त्यानं आपणहून 20,000 कमी केले. सोबत आलेला माझा मेहुणा परतताना म्हणाला, माणूस सरळ दिसतो.

सगळी कलाकारी त्या तड्यातच होती. विकणाऱ्यानं एक दोष दाखवला की आपण बाकीचे दोष शोधत नाही असं नसतं. आपण शोधतो, पण त्यानं दाखवलेल्या जागेच्या आजूबाजूला. मागची फ्रेम आम्ही हातानं चाचपून पाहिली. पुढच्या भागाला जाड काळा अंडरकोट मारलेला होता, तोही ताजा. बाकी गाडीवर वर्षांची धूळ आणि तेवढ्याच जागी चकचकीत काळं. विचारलं तर उत्तर तयार होतं: पावसाळ्यात काळी माती फ्रेमला धरून बसते, म्हणून मारून घेतला. आपल्या भागात ही गोष्ट कोणालाही पटावी अशी. माती खरंच लाँग मेंबरच्या, म्हणजे फ्रेमच्या दोन लांब आडव्यांच्या, खाचेत बसते, ओल धरते आणि लोखंड आतून खाते. खताची पोती वाहिलेली गाडी असेल तर विचारूच नका.

जोडीला गाडीची कूळकथा होती. म्हणे मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्यातली जीप, शिकारीला जायची. आता मालगुजारी ही नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्याकडची पद्धत. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा, आणि यवतमाळ वऱ्हाडात. शिवाय मालगुजारी 1951 सालीच गेली. 1972 च्या गाडीला मालगुजार कुठून आणला? पण जुन्या गाडीच्या गिऱ्हाईकाला अशी गोष्ट फार गोड लागते, हे त्याला पक्कं ठाऊक.

वर्ध्याच्या गॅरेजमध्ये बॉडी फ्रेमवरून उचलली तेव्हा प्रकरण उघडं पडलं. मिस्त्रीनं ग्राइंडरला वायर ब्रश लावून काळा थर काढला, तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. पत्र्याला लांबी भरतात हे सगळ्यांना माहीत आहे, फ्रेमला भरलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्यानं जुन्या स्पीकरचा मॅग्नेट लावला, तो खाली पडला. लांबी खरवडल्यावर दोन्ही लाँग मेंबरवर पाव कापल्यासारखा उभा सरळ जोड दिसला. पुढची अर्धी फ्रेम एका गाडीची, मागची दुसरीची. जोडावर वरून पट्टीसुद्धा मारलेली नव्हती.

असा उभा जोड का चालत नाही, ते मिस्त्रीनं हात लावून दाखवलं. जीपच्या लाँग मेंबरवर सर्वात जास्त ताण वरच्या आणि खालच्या काठांवर येतो. सरळ उभं कापून वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारचं तापलेलं लोखंड कमजोर होतं आणि एकाच रेषेत पूर्ण ताण येतो. शेतरस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेलं की फ्रेम पिळते आणि तडा नेमका वेल्डच्या बाजूनं उघडतो. फ्रेम जोडायचीच असेल तर तिरका काप घेतात, आतून किंवा बाहेरून पट्टी देतात, आणि तेही कमानीच्या ब्रॅकेटपासून लांब. इथे जोड ब्रॅकेटला लागूनच होता.

मग त्यानं फ्रेमचा कर्ण मोजला. हे तुम्ही विकणाऱ्याच्या अंगणातही करू शकता. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, चारही कमानींच्या सारख्याच बोल्टवरून गवंड्याचा ओळंबा सोडायचा आणि खाली खडूनं खुणा करायच्या. गाडी बाजूला घेऊन टेपनं दोन्ही तिरकी अंतरं मोजायची. ती सारखी यायला हवीत. पाच-सहा मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत चालून जातो, आमचा सव्वीस आला. म्हणजे पुढची चाकं एकीकडे आणि मागची दुसरीकडे जाणार. टेप आणि ओळंबा मिळून किती खर्च येतो? हवा तो दलाल असो, खुणा करू देत नसेल तर तिथूनच परत या.

इथवर निदान खराब माल म्हणता आलं असतं. पुढचं वेगळं होतं. नोंदणीच्या कामाला फ्रेमवर कोरलेल्या चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते, म्हणून मी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. कागदावर आकडे उमटले, आणि आकड्यांभोवती चौकटही. नंबर असलेला लोखंडाचा तुकडाच दुसऱ्या फ्रेमवरून कापून इथे बसवला होता आणि कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. डोळ्याला न दिसणारी कड पेन्सिलनं दाखवली. म्हणजे कागद एका गाडीचे आणि लोखंड आणखी दोन गाड्यांचं. त्यातली एखादी चोरीची असेल तर आज ती माझ्या शेडमध्ये उभी आहे.

व्हिंटेज नोंदणीचा विषय तर तिथेच संपला. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज धरतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये फी असते आणि व्हीए मालिकेतला नंबर मिळतो; आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. दलाल मला सांगत होता, "व्हीए नंबर सहज भेटते." फी त्याला बरोबर पाठ होती, चेसिसची अट तेवढी आठवत नव्हती.

कागदांचा खेळ असा होता. आरसीची, म्हणजे नोंदणी पुस्तकाची, झेरॉक्स दाखवली, मूळ पुस्तक "पोराजवळ नागपूरले". इतक्या जुन्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा सरकारच्या वाहन पोर्टलवर नसते, आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन भर, करावी लागते. ती विकणाऱ्याकडून करून घ्या, पोर्टलवर नंबर जुळवा, आणि मगच इसाराच्या पुढे जा. 500 च्या स्टँपवर त्यानं लिहून घेतलं होतं: "जशी आहे तशी, पाहून पसंत करून घेतली." आता तो त्याच ओळीवर बोट ठेवतो. पण पाहून घेतला तो तडा. कापून बसवलेला नंबर कोणी पसंत करून घेत नाही, आणि माझ्या वकिलाच्या मते अशा ओळीनं फसवणूक माफ होत नाही.

पोलीस ठाण्यात आधी सांगण्यात आलं की हा दिवाणी मामला आहे. तक्रार घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली ती लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी तेच केलं, न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लिहून आणि पेन्सिल प्रिंट जोडून. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तिथे दलाल म्हणणार की मी धंदा करत नाही, शेजाऱ्याची गाडी विकून दिली. म्हणून त्याच्या बाकी गाड्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची नोंद मी जपून ठेवली आहे. बहुतेक रक्कम त्यानं नगदीच मागितली होती, हे वेगळं सांगायला नको.

मिस्त्री म्हणतो, नागपूरच्या भंगारात चांगली फ्रेम मिळेल. मिळेलही, पण तिच्यावर तिचा नंबर असणार आणि माझ्या कागदावर भलताच. शिवाय ही फ्रेम आता पुरावा आहे, पंचनामा होईपर्यंत तिला ग्राइंडर लावायचा नाही असं मी त्याला बजावलं आहे. त्या भागातून कोणी अलीकडे पेट्रोल जीप घेतली असेल तर आजच नंबराची पेन्सिल प्रिंट काढा. चौकट उमटली तर गाडी रस्त्यावर काढू नका, फोटो घ्या आणि आपली तक्रार लेखी द्या. एकाच माणसाविरुद्ध अशा तीन-चार प्रिंटा अधीक्षकांच्या टेबलावर गेल्या, तर त्याला दिवाणी मामला म्हणणं कोणालाही जड जाईल.