टॅबचं कव्हर घेताय? आधी पेन कुठे बसतं ते बघा

माझ्याकडे सॅमसंगचा टॅब एस६ लाइट आहे, त्यावर मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते, म्हणजे दिवसभर हातात पेन आणि क्लास टू क्लास कोथरूड ते सदाशिव पेठ टू-व्हीलरवर, टॅब सॅकमध्ये. पेन टॅबच्या कडेला चुंबकाने चिकटतं ते ठीक, पण सॅकमध्ये डबा, बाटली, पेपरांचा गठ्ठा असताना नुसत्या चुंबकावर भरवसा ठेवू नये, मग टॅब कुठल्याही कंपनीचा असो. त्यामुळे पेनला स्वतःची जागा असलेलंच कव्हर हवं होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळालं, सातशे रुपयांत, आणि अख्खा पावसाळा वापरून झालाय म्हणून आता लिहितेय. मंडई मेट्रोला उतरून चालत गेलात तर बरं, गाडी लावायला तिथे जागा नसते.

कव्हर घ्यावं असंच आहे. एक तक्रार आहे आणि ती मोठी आहे, ती पुढे येईलच.

आधी पेनच्या जागेबद्दल, कारण बाकी सगळं त्याच्यामागून येतं. बहुतेक कव्हरवाले आधी टॅबचं माप घेतात, कव्हर करतात आणि मग कुठेतरी इलॅस्टिकची पट्टी शिवून देतात. ती पट्टी काही महिन्यांत सैल पडते आणि पेन सॅकच्या तळाशी सापडतं. ह्यात तसं नाहीये. उजव्या लांब कडेला टीपीयूचीच, म्हणजे कव्हरच्याच लवचीक प्लास्टिकची खाच आहे, कव्हरच्या अंगातच ओतलेली, मध्ये अंगठा मावेल एवढी खिडकी ठेवलीय, तिथून पेन ढकललं की मागचं टोक बाहेर येतं, एका हाताने काढता येतं. आणि मला सगळ्यात आवडलं ते खालचं टोक. तिथे आत एक छोटी पायरी आहे, पेनचं अंग त्या पायरीवर टेकतं आणि निब, म्हणजे लिहायचं टोक, खाली मोकळी राहते, कशालाच लागत नाही. हे ज्याने काढलं त्याने पेन हातात धरून बघितलंय. ह्या पेनची निब दाब ओळखते, दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते, तिच्यावर सॅकमध्ये तासन्‌तास दाब पडत राहणं काही बरं नाही.

आता इथे टॅब कुठला ह्यावर बरंच अवलंबून आहे. एस६ लाइटच्या पेनला बॅटरीच नाही, वॅकॉम ह्या कंपनीच्या तंत्रावर स्क्रीनकडूनच त्याला शक्ती मिळते, त्यामुळे ते कुठेही ठेवा, चार्जिंगचा प्रश्न नाही. आयपॅडचं तसं नाही. ॲपलची पहिली पेन्सिल २०१५ची, ती आयपॅडच्या लायटनिंग पोर्टमध्ये खोचून चार्ज व्हायची, तिचं टोपण हरवायचं म्हणून कव्हरमध्ये टोपणालाही जागा लागायची. २०१८ची दुसरी पेन्सिल टॅबच्या कडेला चिकटून वायरलेस चार्ज होते, म्हणजे ती कड कव्हरने उघडी ठेवलीच पाहिजे, तिथे जाड भिंत आली की झालं, पेन्सिल चिकटतही नाही आणि चार्जही होत नाही. २०२३ची यूएसबी-सीवाली चिकटते पण चार्ज केबलनेच होते. आणि मापंही वेगळी आहेत, पहिली १७५.७ मिमी लांब, दुसरी १६६, यूएसबी-सीवाली १५५, जाडी पहिल्या दोघींची ८.९ आणि हिची ७.५. माझ्या भाचीकडे ही यूएसबी-सीवाली आहे, तिला दुकानदाराने ‘सगळ्या पेन्सिली बसतात ताई’ म्हणून दिलेलं कव्हर २०१८च्या पेन्सिलच्या मापाचं निघालं, पेन्सिल आत खुळखुळते आणि कव्हर उलटं धरलं की सरळ बाहेर. जाडीत जेमतेम १.४ मिलिमीटरचा फरक पण सगळा खेळ तिथेच आहे. सगळ्यांना बसतं म्हणजे कुणालाच नीट बसत नाही, दुकानदार ‘सगळ्यांना बसतं’ म्हणाला की खिशातून आपलं पेन काढून बसवून दाखवायला सांगा.

आता तक्रार. कव्हरची स्क्रीन झाकणारी झडप बंद राहावी म्हणून तिच्या कडेत चुंबक आहेत, आणि झडप मागे दुमडून लिहायला बसलं की ते चुंबक बरोबर स्क्रीनच्या पाठीमागे येतात. वॅकॉमचं तंत्र चुंबकीय क्षेत्रावरच चालतं, त्यामुळे तिथे पेन चुकतं. मी एक्स अक्ष काढते, रेघ सरळ येत येत त्याच जागी बारीकशी वर उचलली जाते आणि परत खाली बसते. गणित शिकवणाऱ्याला हे चालणारच नाही, मुलं लगेच विचारतात मॅडम तिथे काय आहे. झडप मागे न दुमडता टेबलावर सपाट उघडी ठेवली की रेघ एकदम स्वच्छ, म्हणजे टॅबचा दोष नाहीच. करणाऱ्यांनी चुंबक स्क्रीनच्या लिहायच्या भागाबाहेर, अगदी कोपऱ्यात न्यायला हवेत, कमी ताकदीचे चालतील, झडप काही एवढी जड नसते. दुकानात तपासायचं असेल तर झडप मागे दुमडा आणि पट्टी लावून सावकाश तिरपी रेघ ओढा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाईत ओढली तर कळत नाही.

पडण्यापासून संरक्षण ठीक आहे. कोपऱ्यात हवेचे कप्पे आहेत, धक्का तिथे दबून जातो, स्क्रीनभोवतीची कडही थोडी उंच आहे. दुकानदार मिलिटरी ग्रेड मिलिटरी ग्रेड करत होता, तर त्याचंही सांगून ठेवते. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धत आहे, त्यात वस्तू साधारण १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात, पण हे २६ वेळा पाडणं पाच नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे, आणि चाचणी कंपनी स्वतःच करते, लष्कर कुणाला शिक्का मारून देत नाही. खोक्यावरच्या त्या अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, कोपरे दाबून बघा.

उंच कडेचा एक त्रास आहे, अगदी काठापर्यंत लिहिलं की पेन कडेला अडतं. टॅब आडवा ठेवला की पेनची खाच वरच्या बाजूला जाते, हाताला लागत नाही, पण उभा धरून पेपर तपासताना तळहाताला टोचते. डावखुऱ्यांना उभं धरून जास्त सोयीचं पडेल.

रंग मी काळा घेतला. पारदर्शक टीपीयू ऊन आणि उष्णतेने पिवळं पडतं, आणि रेक्झिनच्या कव्हरचे आपल्याकडच्या दमट हवेत पापुद्रे निघतात, ते टाळाच. दुकानात साडेआठशे सांगतील, सातशेला देतात. जाताना टॅब आणि पेन दोन्ही घेऊन जा आणि पेन बसवून, कव्हर उलटं करून, चांगलं हलवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.