एकच झॉम्बी मालिका बघायची असेल तर कुठली? ‘द वॉकिंग डेड’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’च्या पहिल्या भागांची तुलना

झॉम्बींच्या वाटेला आजवर गेला नाहीत आणि आता एखादी मालिका बघून टाकू म्हणताय, तर चार जण चार नावं सांगतील. पण घोळून घोळून गाडी ‘द वॉकिंग डेड’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’ या दोघींवरच येते. सगळे सीझन तोलत बसायला कुणाला वेळ आहे? दोन्हींचे पहिले भाग समोरासमोर ठेवले तरी निम्मा निर्णय होतो.

‘द वॉकिंग डेड’चा पहिला भाग ३१ ऑक्टोबर २०१० रोजी, म्हणजे मुद्दाम हॅलोविनच्या रात्री, एएमसी वाहिनीवर दाखवला गेला. लेखन-दिग्दर्शन फ्रँक डॅराबाँटचं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला डेप्युटी शेरीफ (पोलीस अधिकारी) रिक ग्राइम्स गोळी लागून बेशुद्ध पडतो. जागा होतो तेव्हा उशाशी ठेवलेली फुलं वाळलेली, घड्याळ बंद, दवाखान्यात चिटपाखरू नाही. जग बुडालं ते हा झोपेत असताना. त्यामुळे त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला, आणि ते फार थोडं असतं. लांबच लांब वेळ कुणी बोलत नाही, पार्श्वसंगीतही बेताचंच. सोळा एमएम फिल्मवर चित्रीकरण केल्यामुळे चित्राला एक खरखरीत, धुळकट पोत आहे. उन्हाने भाजलेल्या त्या ओसाड रस्त्यांना तो शोभतो.

खरी ताकद मात्र मध्ये आहे. रिकला मॉर्गन नावाचा माणूस आणि त्याचा लहान मुलगा भेटतो. मॉर्गनची बायको आता ‘त्यांच्यातली’, म्हणजे चालतं-फिरतं प्रेत, झाली आहे आणि रात्री येऊन त्याच घराच्या दाराची मूठ फिरवून बघते. आत मुलगा उशीत तोंड खुपसून रडतो. पुढे मॉर्गन वरच्या खिडकीत बंदूक घेऊन बसतो आणि तिच्यावर नेम धरतो. त्याच वेळी तिकडे रिक, कमरेखालचं धड नसलेल्या आणि गवतातून सरपटणाऱ्या एका झॉम्बी बाईला शोधून काढतो, तिची माफी मागतो आणि मग पिस्तूल उचलतो. मॉर्गनकडून चाप ओढला जातो का, ते सांगत नाही. पण ज्याला सुतक धरायलाही सवड मिळालेली नाही, असा तो नवरा लेनी जेम्सने ज्या तऱ्हेने उभा केलाय, ते बघून मालिकेतल्या प्रेतांची भीती वाटेनाशी होते, कीव येते. या प्रकारात हे सहसा साधत नाही. (गंमत म्हणजे अस्सल जॉर्जियन वाटणारे हे दोघंही, रिक झालेला अँड्र्यू लिंकन आणि लेनी जेम्स, इंग्लंडचे.)

‘द लास्ट ऑफ अस’ १५ जानेवारी २०२३ रोजी एचबीओवर सुरू झाली. नील ड्रकमनच्या २०१३ सालच्या व्हिडिओ गेमवरून क्रेग मेझिनने त्याच्यासोबत ती रचली. गेम खेळलेला नसला तरी काही अडत नाही. इथे मांडणी बरोबर उलटी आहे. १९६८ सालच्या एका टीव्ही कार्यक्रमात शास्त्रज्ञ शांतपणे सांगतो की पृथ्वी थोडी तापली तर बुरशी माणसाच्या शरीरात तग धरायला शिकू शकेल. म्हणजे माणसं झॉम्बी होण्याचं कारण आधीच हातात. मग २००३ सालचं ऑस्टिन, बापाच्या वाढदिवसाचा दिवस, आणि तो दिवस आपण त्याच्या मुलीच्या, साराच्या, नजरेतून बघतो. ती शेजारच्या घरात डीव्हीडी चाळत उभी असते आणि मागे, धूसर, व्हीलचेअरवरच्या आजीचं शरीर वेडंवाकडं व्हायला लागतं. साराला पत्ता नाही, आपल्याला आहे. पहिल्या अर्ध्या तासातला हा ताण मी दुसऱ्या कुठल्याच झॉम्बी मालिकेत अनुभवलेला नाही. सारा झालेली निको पार्कर ही पोरगी इतकी लाघवी आहे की दिग्दर्शकाचा कावा कळूनही आपण फसतो.

पण मग गोष्ट वीस वर्षं पुढे उडी मारते आणि बोस्टनच्या लष्करी बंदोबस्तातल्या वस्तीत रेशन, तस्करी, बंडखोर असं सगळं एकेक करून ओळखीचं करून देत बसते. एली नावाची मुलगी येते, ती झालेली बेला रॅम्झी आल्या आल्या लक्ष वेधते, तरी ८१ मिनिटांच्या या भागाचा उत्तरार्ध पुढच्या भागांची पायाभरणीच वाटतो. एक भाग म्हणून बघितलं तर ‘द वॉकिंग डेड’चा पहिला भाग सरस, यात मला शंका नाही. तो एखाद्या चित्रपटासारखा एकटाही उभा राहतो.

एवढ्यावर निर्णय मात्र करू नका. ‘द वॉकिंग डेड’चे ११ सीझन आणि १७७ भाग आहेत. डॅराबाँट दुसऱ्या सीझनच्या कामातच बाहेर पडला, आणि पुढे मालिका कधी दमदार, कधी नुसती रेंगाळणारी झाली. नवव्या सीझनमध्ये तर रिकच निघून जातो. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला सीझन नऊ भागांत एक प्रवास पुरा करतो, दुसरा सात भागांचा.

म्हणून एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ‘द वॉकिंग डेड’चा पहिला भाग बघा आणि तिथेच थांबलात तरी चालेल. आठवडाभर रोज थोडा वेळ देणार असाल तर ‘द लास्ट ऑफ अस’. किळस सोसत नसेल तरीही हीच. पहिल्या भागात संसर्ग झालेली माणसं फार दिसत नाहीत. ‘द वॉकिंग डेड’मध्ये ग्रेग निकोटेरोच्या रंगभूषेतली सडकी शरीरं जवळून दिसतात, आणि प्राणी जिवापाड आवडणाऱ्यांनी अटलांटातल्या घोड्याच्या प्रसंगी मान फिरवावी. घरात लहान मूल असलेल्यांना दोन्ही जड जातील: एक मालिका पहिल्या काही मिनिटांतच घाव घालते, दुसरी आधी जीव लावून मग.

‘द लास्ट ऑफ अस’ निवडलीत तर पहिल्या भागात कोण काय खातं, कोण नको म्हणतं आणि काय आणायचं राहून जातं, यावर नजर ठेवा. दुसरा भाग जकार्तात सुरू होतो, तिथे ते कामाला येईल.