पद्मिनीचे पार्ट्स हवेत? नाना पेठेतलं हे दुकान बघा

बाबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी कमी पैशांत रस्त्यावर आणायची तर आधी ब्रेक, मग पेट्रोल लाइन आणि रेडिएटर. रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम मला पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या पार्ट्सच्या एका दुकानातल्या काकांनी लावून दिला. त्याआधी एका गॅरेजने थेट पूर्ण रंगकामाचं कोटेशन हातात ठेवलं होतं. खालचा पत्रा गंजलाय का, हे वाकून बघितलंही नव्हतं!

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. मी सगळे व्हील सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकातले ब्रेक ढकलणारे छोटे सिलिंडर, नवे मागितले. काकांनी जुने आणायला लावले, कापडाने पुसले, एकेक उजेडाकडे धरून आतून करंगळी फिरवली. "ह्यांना खड्डे नाहीत, नुसती रबरं बदला. हा एक मात्र टाकून द्या." गिऱ्हाइकाचे पैसे असे वाचवणारा दुकानदार विरळाच. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या सोलेक्स कार्बोरेटरचं दुरुस्ती किटही तिथेच मिळालं.

काचेचं रबर बीडिंग मात्र तिथून घेऊ नका, फार कडक आहे, कोपऱ्यात नीट बसत नाही. क्रोमचं सामान जवळपास नाहीच. २०२३मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही बंद झाल्या, त्यामुळे पार्ट्सची मागणी आणखी आटणार. लागणारी रबरं, गास्केटं आत्ताच घेऊन ठेवा. पार्किंगची बोंब आहे, रिक्षाने जा आणि जुना पार्ट सोबत न्या.