एसडीकेमॅन: आठ महिने वापरल्यावर

एसडीकेमॅन म्हणजे एकाच मशीनवर जावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या ठेवायचं आणि हवी ती निवडायचं साधन. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं तिघांचं ऑफिस. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीची दोन अँड्रॉइड ॲप सांभाळतो, एक जुनं, एक नवं. गेल्या पावसाळ्यात उबुंटू अपग्रेड केलं आणि सकाळी बिल्ड मारला, म्हणजे कोडपासून ॲप तयार करायला घेतलं, तर ‘जावा होम इज सेट टू ॲन इन्व्हॅलिड डिरेक्टरी’, म्हणजे जावाचा दिलेला पत्ताच चुकीचा. कोडला कुणी हातही लावला नव्हता. बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंग फाइलीत, मीच कधीकाळी जेडीके ११ चा (जावाच्या डेव्हलपर किटचा) अख्खा पाथ लिहून ठेवलेला, आणि अपग्रेडनंतरच्या साफसफाईत तो फोल्डरच उडाला. पत्ता तोच, घर पाडलेलं.

मग जेडीके १७ टाकलं. नवं ॲप चाललं, कारण ते अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ वर आहे आणि त्याला १७ लागतंच (ग्रेडल म्हणजे बिल्ड करणारं साधन). जुनं ग्रेडल ७.० वर, ते म्हणालं, ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’. हा ६१ म्हणजेच जावा १७. दिवसातनं चारदा पाथ बदलून वैतागलो, तेव्हा एसडीकेमॅन बसवलं.

आता दोन्ही जेडीके शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक प्रोजेक्टात एसडीकेमॅनआरसी नावाची एका ओळीची फाइल, तीही गिटमध्ये, म्हणजे आमचा सामायिक कोड राहतो तिथं. कॉन्फिगमध्ये ऑटो एन्व्ह ट्रू केलं की सीडी करून फोल्डरात शिरल्याबरोबर जावा बदलतो. एवढ्यासाठीच पैसे दिले असते, पण आहे फुकट.

एक गैरसमज मात्र माझाच होता. नाव एसडीकेमॅन, म्हणून वाटलं अँड्रॉइड एसडीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवायचं किट, तेही हेच बघेल. नाही बघत. नव्या पोरानं रेपो क्लोन केला, म्हणजे कोडची प्रत उतरवली, आणि त्याचा बिल्ड माझ्या होम फोल्डरात एसडीके शोधत बसला! एसडीकेचा पाथ असलेली लोकल प्रॉपर्टीज फाइल मीच गिटमध्ये ढकललेली. ती फाइल ज्याच्या त्याच्या मशीनवरच राहायला हवी. ती गिटमधून काढून गिटइग्नोरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत) टाकेपर्यंत दुपार गेली, मिसळ गार झाली ती वेगळीच.

एडिटर आयकॉनवरून उघडला तर त्याला बॅशआरसीतलं काही कळत नाही. तिथला ग्रेडल जेडीके सेटिंगमध्ये जाऊन वेगळा निवडावा लागतो. विंडोजवाल्यांना एसडीकेमॅनसाठी लिनक्ससारखं टर्मिनल, म्हणजे डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश, लागेल.

बसवणार असाल तर आधी बॅशआरसीतली जुनी जावा होमची ओळ काढा. एसडीकेमॅनच्या ओळी फाइलच्या शेवटी असाव्या लागतात. माझी जुनी ओळ त्यांच्याही खाली राहिली होती, आणि पहिले दोन दिवस तीच जिंकत होती.