घाटवाटा आणि लेणी: पुण्यातील एका छोट्या संग्रहालयाची भेट

सातवाहनकालीन व्यापारी मार्ग आणि लेणी यांवरील हे संग्रहालय तासाभरात पाहून होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात तीन तास गेले. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे कसा जात असे, हे उठावाच्या नकाशावर इतके स्पष्ट दाखवले आहे की जुन्नरच्या परिसरात २०० हून अधिक लेणी का कोरली गेली, याचे उत्तर फलक न वाचताही मिळते. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाचा ठसा मात्र अगदी जवळ जाऊन पाहावा. यज्ञातील दक्षिणेच्या गाई मोजणारे त्यातील ब्राह्मी या प्राचीन लिपीतले अंक बोटाने गिरवावेसे वाटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील (बौद्ध प्रार्थनागृहातील) काही खांब धेनुकाकट या प्राचीन गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा तत्सम पाश्चात्त्य परदेशीयांनी, दान दिले, हे मूळ लेखांच्या वाचनासह मांडले आहे, आणि माझी आई तर त्या फलकापुढून हलेना. अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रे ठीक आहेत.

नाण्यांच्या कपाटातील प्रकाश अपुरा आहे. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा बारीक अक्षरांत छापला आहे, हे मनाला लागले; तो मोठा करावा, अशी लेखी सूचना मी अभिप्रायवहीत केली आहे. मुलांना अवश्य न्यावे आणि पुढच्याच रविवारी नाणेघाटातील, जकातीची नाणी टाकण्यासाठीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण दाखवावा.