नेट-झिरो घर: ऑन-ग्रिड सोलर की बॅटरी?

वर्षभरात घर जेवढी वीज वापरेल तेवढी त्याच्याच छतावर तयार व्हावी, हा नेट-झिरोचा हिशेब. ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला संच) असो की बॅटरी, पॅनल दोन्हीकडे लागतात; प्रश्न जास्तीची वीज ठेवायची कुठे, एवढाच.

ऑन-ग्रिडमध्ये ती नेट मीटरमधून (आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) महावितरणकडे जाते. ३ किलोवॉटचा संच एप्रिल-मेमध्ये दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतो, कोकणातल्या जुलैत त्याची पार रया जाते. तेव्हा उन्हाळ्यातली शिल्लक युनिटं बिलात वळती होतात. शिवाय पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. गोम एकच: लाईट गेली की भर उन्हातही संच बंद पडतो. संचाची वीज बंद लाइनमध्ये शिरू नये म्हणून, लाइनमनच्या जिवासाठी ते हवंच, पण विकणारे हे क्वचितच आधी सांगतात.

बॅटरीवर लाईट गेली तरी पंखा फिरतो. पण सलग आठवडाभर आभाळ भरलेलं असेल तर? तेवढा साठा परवडत नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते.

लाइन न पोचलेल्या शेतघराला बॅटरी ठीक. बाकी ऑन-ग्रिडच, लाईट तासन्‌तास जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि छोटी बॅटरी. त्याआधी ७५ वॉटचे जुने पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावा, पॅनलच कमी लागतील.